अक्काला विचारा : बस फुकट, ताई फुकट नाही

गणपतीत पोरं गावाला येऊन गेली की पुढच्या पंधरवड्यात माझ्याकडं पत्रांचा ढीग पडतो, घरात जे बोलायचं राहून गेलं ते सगळं अक्काच्या टेबलावर. यावेळी तीनच घेतलोय, आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत. मी 'घेतलोय' लिहिलं म्हणून पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये, आमच्या बेळगावात बायका पण 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात, संपादक दरवेळी ते दुरुस्त करतात आणि मी दरवेळी परत तसंच लिहून देतो.

अक्का, नमस्कार. मी ३३ वर्षांचा, पुण्यात हिंजवडीला आयटीत आहे. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. घरी आई-बाबा दोघंच. बाबा ७१, दोन वर्षांपूर्वी बेळगावात अँजिओप्लास्टी झाली, आईला शुगर आहे. मी महिन्याला १५ हजार पाठवतो, घरात कॅमेरा लावलाय, बीपीचं मशीन घेऊन दिलंय, रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल असतो. पुण्याला चला म्हणून किती मागं लागलोय, टू बीएचके आहे, लिफ्ट आहे, हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, पण बाबा ऐकत नाहीत. म्हैस आहे, भात आहे, एकादशीचं भजन आहे. आई म्हणते ते येतील तर मी येतो. सध्या ताई बघते, ती बेळगावात अनगोळला दिलीय, आठवड्याला जाऊन येते, तिला जवळ पडतं आणि बस पण फुकट आहे. पण असं किती दिवस चालणार? गावातले लोक 'पोरगा पुण्यात आणि म्हातारी माणसं वाऱ्यावर' म्हणतात ते कानावर येतं, रात्री झोप लागत नाही. बाबांना कसं पटवू?

बाळा, तुझं पत्र तीनदा वाचलो. कॅमेऱ्याबद्दल आहे, मशीनबद्दल आहे, लिफ्टबद्दल आहे, गावातल्या लोकांबद्दल तर आहेच. ताईबद्दल एक ओळ, त्यात पण अर्धी ओळ बसची.

बस फुकट आहे हे खरं, ११ जून २०२३ पासून आपल्या कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी गाडीला पैसे पडत नाहीत, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. पण त्या शून्याच्या तिकिटावर तिचा अख्खा दिवस जातो त्याचं काय? सकाळी पोरांचे डबे, मग अनगोळहून सीबीटी बसस्टँड, तिथं जांबोटीची गाडी कधी लागते बघत उभं राहायचं, गर्दी असली तर शेवटपर्यंत उभ्यानं, घरी पोचल्यावर आईची शुगर, बाबांच्या गोळ्या, एखादं लुगडं भिजवून ठेवलेलं असतंच, आणि परत पोरं शाळेतून यायच्या आत घर गाठायचं. हा माझा अंदाज आहे हं. चुकला असेल तर तिलाच विचार, विचारण्यातच अर्धं काम होईल, कारण माझी खात्री आहे की तू तिला 'बाबा कसे आहेत' हेच विचारतोस, 'तू कशी आहेस' हे शेवटचं कधी विचारलास ते आठवून बघ.

मला हे एवढं झोंबतंय कारण मी पण ती ताईच होतो. आमच्या अप्पांचं शेवटची अकरा वर्षं मी बघितलो, शहापूरहून वडगावला रोज सकाळी चालत. अप्पांना वाचता येत नव्हतं म्हणून गोळ्या काडेपेट्यांत घालून वर चित्रं काढलो होतो, सकाळच्या पेटीवर सूर्य, दुपारच्या पेटीवर भाकरी, रात्रीच्या पेटीवर चंद्र. महिनाभर अप्पांनी दुपारची गोळी रात्री आणि रात्रीची दुपारी घेतली, कारण भाकरी पण गोल आणि चंद्र पण गोल! डॉक्टर वैतागले, मी रडलो, मग भाकरीवर कांदा काढून दिलो तेव्हा सगळं सुरळीत. हे कुठल्या व्हिडिओ कॉलवर कळणार सांग? समोर बसून माणूस काडेपेटी उघडताना बघावा लागतो. माझा भाऊ मुंबईला, मनानं सोन्यासारखा, गणपतीला यायचा, आईला साडी आणायचा, ती साडी आई सणावाराला नेसायची आणि गल्लीत दाखवायची. मी आणलेल्या साड्या रोजच्याला फाटायच्या. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. आणि भावाला याचा पत्ताच नव्हता, कारण मी कधी बोललोच नाही आणि त्यानं विचारलं नाही.

तर आधी ताईला फोन लाव, आणि बाबांचा विषय काढायच्या आधी तिचा काढ. ती घरी काही कामधंदा करते का, तिच्या सासरचे या फेऱ्यांवरून बोलतात का, दाजी काय म्हणतात. तिच्या खात्यावर महिन्याला ठरलेली रक्कम टाक, पण ते 'तुला राहू दे' असं उपकाराच्या सुरात नको, बुडलेल्या दिवसाचं आणि रिक्षाचं म्हणून सरळ दे. नको म्हणेल ती. दोनदा म्हणेल. तिसऱ्यांदा टाकूनच मोकळा हो. लाइटबिल, गॅसचं बुकिंग, बँकेतली केवायसी, औषधांची ऑर्डर, हे सगळं पुण्यात बसून होतं, ते तिच्या डोक्यावरनं काढून घे. बाबांच्या चेकअपच्या तारखा आधीच कळतात, त्या दिवसाची सुट्टी तू टाक, रात्रीच्या गाडीत बस, सकाळी बेळगाव. ओपीडीच्या लाइनीत एकदा तीन तास बसलास की लोकांचं बोलणं आपोआप कमी ऐकू येतं. आणि वर्षातला एक महिना तिला पूर्ण सुट्टी, त्या महिन्यात वर्क फ्रॉम होम घेऊन तू गावात. नेटवर्क जाईल, जाऊ दे. जुलैत जांबोटीकडं पाऊस लागला की करंट तर कितीदा जातो, तुझ्या त्या कॅमेऱ्यात तेव्हा तरी काय दिसतं, काळोख.

आता पुण्याचं. बाबांना 'कायमचं चला' म्हणतोस म्हणून ते बिचकतात. लावणीच्या टायमाला शेतकऱ्याला घर सोड म्हणणं म्हणजे काय! सुगी झाली, भात घरात आलं, की पंधरा दिवसांसाठी ने, परतीचं तिकीट आधीच काढून त्यांच्या हातात दे. म्हशीची व्यवस्था कोण बघणार ते शेजाऱ्याशी बोलून मग विषय काढ, नाहीतर म्हैस हेच कारण पुढं येणार. पंधरा दिवसांत लिफ्टची सवय झाली, खाली बागेत दोन कानडी-मराठी म्हातारे भेटले, तर पुढच्या वर्षी महिना राहतील. नाही झाली तर नाही, ७१ वर्षांच्या माणसाला त्याच्या अंगणात राहायचं असलं तर ती त्याची मर्जी, तू आणि ताईनं मिळून ती कशी निभावायची ते बघायचं.

एक कडू बोलतो. उद्या उताऱ्यावर नावं चढवायची वेळ येईल तेव्हा कुणीतरी काका-मामा ताईला म्हणणार, 'सही करून टाक हक्कसोडवर, भावाशी वाकडं कशाला.' वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच वाटा आहे, आपल्या कर्नाटकानं तर हा कायदा १९९४ लाच केला, तेव्हा त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, पण २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेली-न झालेली हा भेदच गेला, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं वडील २००५ मध्ये हयात असायलाच पाहिजेत असं नाही हे पण स्पष्ट केलं. ताईला नको असेल तर ती सोडेल, तो तिचा प्रश्न. पण तिला तो कागद पुढं करणारा माणूस तू होऊ नकोस. एवढं वर्षानुवर्षं बसनं जाऊन-येऊन केल्यावर तर नाहीच.

अक्का, माझं माहेर कागलकडचं, लग्न होऊन निपाणीजवळच्या गावात आले. मुलगी तिसरीत आहे, इंग्लिश मीडियम, पण कन्नड विषय आहेच. डायरीत मॅडम कन्नडमध्ये लिहून पाठवतात, वर्गाच्या ग्रुपवर मेसेज पण कन्नडमध्ये. मला एक अक्षर येत नाही. मिस्टर टेम्पो चालवतात, रात्री उशिरा येतात. सासऱ्यांना कन्नड येतं पण त्यांना रोज काय विचारायचं, संकोच वाटतो. परवा गॅदरिंगला पांढरा फ्रॉक सांगितला होता, मी निळा घालून पाठवला, पोरगी रडत आली. सासूबाई म्हणाल्या, आईलाच वाचता येईना तर पोरगी काय शिकणार. मी आई म्हणून कमी पडते का?

अगं कमी कसली पडतेस, निळा फ्रॉक घालून का होईना पोर इस्त्री करून शाळेत पाठवलीस की.

कन्नडची लिपी बघून घाबरायला होतं, सगळी जिलबीच वाटते. पण आतला क्रम आपलाच आहे, अ आ इ ई, क ख ग घ, च छ ज झ, तीच ओळ त्याच रांगेत, फक्त ए आणि ओ त्यांच्यात ऱ्हस्व-दीर्घ दोन दोन. म्हणजे तुला नवीन भाषा नाही, आधी फक्त नवीन चित्रं शिकायची आहेत. आणि शब्द तरी कुठं सगळे परके आहेत, आपण अक्का म्हणतो, अण्णा म्हणतो, तूप म्हणतो, ते म्हणतात तुप्प. निपाणीच्या स्टँडवर गाडी लागली की पाटी आधी कन्नडमध्ये वाचायचा प्रयत्न कर, गाव तर तुला माहीतच असतंय, तेव्हा अक्षर कुठलं ते उलटीकडनं सापडतं. मी एका जाऊबाईंना असंच शिकताना बघितलोय, चिक्कोडी आणि संकेश्वर या दोन पाट्यांवर त्यांची निम्मी मुळाक्षरं झाली.

मुलीला तुझी मास्तरीण कर. रोज शाळेतून आली की एक अक्षर तिनं तुला शिकवायचं, पाटीवर तू गिरवायचं, चुकलीस की तिनं ओरडायचं. पोरांना ओरडायला फार आवडतं. तिचा अभ्यास तुला शिकवता शिकवता पक्का होतो आणि आईला येत नाही ही लाज तिच्या मनात बसत नाही, उलट मी आईला शिकवतो असं सांगत फिरेल गल्लीभर.

सासऱ्यांचा संकोच मात्र सोड. तू लिहिलं नाहीस ते काय करायचे, पण त्या भागातली जुनी माणसं तंबाखूच्या वखारीत कानडी-मराठी दोन्ही बोलत मोठी झालेली, त्यांच्याकडं ही भाषा पडून आहे आणि घरात ती कुणी विचारत नाही. संध्याकाळी चहा दिलीस की डायरी पण पुढं ठेव, 'मामा, काय लिहिलंय बघा की जरा.' चार दिवस. पाचव्या दिवशी तेच चष्मा पुसून वाट बघत बसतील. ग्रुपवरचे मेसेज मोबाईलमध्ये भाषांतर करून बघता येतात, तोवर ते कर, पण फ्रॉकचा रंग मामांकडनं कन्फर्म करून घे, मशीन कधी कधी काहीच्या बाही सांगतं.

सासूबाईंना उत्तर देत बसू नकोस. मिस्टरांना मात्र सांग, महिन्यातनं एकदा टेम्पो शाळेच्या गेटला लावून मॅडमना भेटून यायचं. रात्री उशीर होतो हे समजलं, शाळा दिवसाच असते.

अक्का, वय ६७, बेळगावात स्वतःचं घर. दोन मुलगे, धाकट्याजवळ राहतो, सून चांगली आहे, जेवणाखाणाची तक्रार नाही, नातवाला मी रोज शाळेत सोडतो. आता दोघं म्हणतात घर आत्ताच बक्षीसपत्रानं आमच्या नावावर करा, नंतर भांडणं नकोत. मित्र म्हणतात करू नका. पोरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का?

काका, मित्रांचं ऐका. भांडण नको म्हणून मृत्युपत्र करता येतं, त्यात वाटण्या लिहा, घर तुमच्या हयातीत तुमचंच राहतं आणि मन बदललं तर कागद पण बदलता येतो. बक्षीसपत्र एकदा रजिस्टर झालं की सहजासहजी मागं फिरत नाही.

तरी द्यायचंच ठरवलंत तर आमचा शेवटपर्यंत सांभाळ करायचा ही अट त्याच दस्तात शब्दांत लिहून घ्या, तोंडी नको. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे, अट लिहिलेली असली आणि ती मोडली तर तुम्हाला तो दस्त रद्द करून मागता येतो. त्यासाठी आपल्याकडं प्रांतसाहेबांकडं अर्ज करायचा. पोटगीची मागणी पण तिथंच होते, कायद्यात महिन्याला १० हजारांपर्यंतची मर्यादा आहे. नुसती माहिती पाहिजे असली तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

पोरांना काय सांगायचं? 'अक्का नको म्हणाली' म्हणून सांगा, शिव्या मला बसू देत, मला सवय आहे. आणि नातवाला शाळेत सोडायला जाता ते सोडू नका, त्याचा दस्ताशी काही संबंध नाही, येताना गल्लीच्या कोपऱ्यावर त्याला काय खायला घेऊन देता ते पण सुनेला सांगायची गरज नाही.