ग्राफिक्स कार्ड नवे, तरी हॅशकॅट संथ का?

प्रश्न : माझ्या द्राक्षबागेच्या हिशेबाची एक्सेल २०१३ मधील फाइल उघडतानाच पासवर्ड मागते आणि मला तो आठवत नाही. दोन शब्द, पुढे साल आणि शेवटी एखादे चिन्ह, एवढेच लक्षात आहे. नवे ग्राफिक्स कार्ड बसवून हॅशकॅट हा पासवर्डाचे अंदाज एकामागून एक तपासणारा प्रोग्राम चालवला, तरी वेग सेकंदाला ८,००० अंदाजांपुढे जात नाही. इतरांना अब्जावधींचा वेग मिळतो, असे ऐकतो. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या कार्डात दोष नाही. अब्जावधींचे आकडे एमडी५ सारख्या झटपट हॅशचे असतात (हॅश म्हणजे पासवर्डापासून गणिताने काढलेला ठसा; अंदाजाचा ठसा जुळला, की पासवर्ड सापडला). एक्सेल २०१३ मात्र प्रत्येक पासवर्डावर एसएचए-५१२ या हॅशची प्रक्रिया १,००,००० वेळा करते, आणि प्रत्येक फेरीला आधीच्या फेरीचे उत्तर लागत असल्यामुळे एकाच अंदाजाच्या फेऱ्या कार्डाच्या अनेक गाभ्यांत (एकाच वेळी काम करणाऱ्या गणन-भागांत) वाटून देता येत नाहीत. कार्डाचा उपयोग होतो तो हजारो अंदाज एकाच वेळी तपासण्यापुरता. हॅशकॅटमधील कामाचा भार वाढवणारा पर्याय निवडल्यास वेग थोडा वाढेल, परंतु त्यात फार दिवस घालवू नयेत.

खरी बचत अंदाज कमी करण्यात आहे. केवळ आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सर्व जुळण्या सुमारे २०,८८२ कोटी होतात आणि तुमच्या वेगाने त्यांना जवळजवळ ३०२ दिवस लागतील. याउलट, तुमच्या वापरातील २०० शब्दांच्या जोड्या ४०,००० होतात. त्यांना मोठ्या-लहान अक्षरांच्या तीन तऱ्हा, वीस साले आणि पाच चिन्हे जोडली, तरी एकूण १ कोटी २० लाख अंदाज भरतात, म्हणजे अवघ्या पंचवीस मिनिटांचे काम.

त्यामुळे आधी कागद घेऊन बसावे. शेताच्या गटाचे नाव, थॉमसन, सोनाका, माणिक चमन या द्राक्षांच्या जाती, मुलांची हाक मारायची नावे, असे सगळे शब्द लिहून काढावेत. आपले शब्द रोमन लिपीत कसे लिहिले जातात, याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तयार शब्दसूच्या आणि नियम बहुतांशी इंग्रजी शब्दांसाठी बनवलेले असतात. ‘छाटणी’ लिहिताना सुरुवातीला एच एक की दोन, आणि ‘टी’नंतर ‘ए’ आहे की नाही, एवढ्यानेच चार रूपे होतात. तुमच्या जुन्या पासवर्डांत तुम्ही कोणते रूप लिहीत होतात, ते पाहिल्यास सूची आणखी आखडेल.

एप्रिलच्या उकाड्यात संगणक बंद खोलीत ठेवू नये आणि पंख्यावरील धूळ आधी झाडून घ्यावी. कार्डाचे तापमान ९० अंशांवर गेले, की हॅशकॅट मूळ मांडणीनुसार काम थांबवते. काम सुरू करताना सत्राला नाव द्यावे, म्हणजे मध्येच वीज गेली तरी थांबलेल्या ठिकाणाजवळून ते पुन्हा सुरू करता येते.