दहा लाखांच्या आतील छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये इंजिन आणि वेग यांत सरस कोण?

ऑल्टो के10, टियागो आणि वॅगनआर 1.2 या तिघींपुरते बोलायचे, तर केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. गाडीचे वजन आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो, हे दोन्ही त्याच्या जोडीने पाहावे लागते. ऑल्टोचे 998 सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन सुमारे 67 अश्वशक्ती देते, पण गाडी जेमतेम साडेसातशे किलोची असल्यामुळे शहरात ती चपळ वाटते. टियागोचे 1199 सीसीचे इंजिन 86 अश्वशक्तीचे असले, तरी तिचे वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास जाते, त्यामुळे दर किलोमागे मिळणारी ताकद दोघींची जवळपास सारखीच भरते.

वॅगनआर 1.2 मध्ये चार सिलिंडरांचे, सुमारे 90 अश्वशक्तीचे इंजिन असून वजन साडेआठशे किलोंच्या आत आहे. म्हणून वेग पकडण्यात माझ्या मते तीच पुढे आहे. मात्र टॉर्क टियागोलाही तेवढाच, म्हणजे 113 न्यूटन मीटर आहे, आणि तो वॅगनआरच्या 4400 ऐवजी 3300 फेऱ्यांवरच पूर्ण मिळतो. चार माणसे आणि सामान घेऊन कसारा घाट चढताना हा फरक उपयोगी पडतो, कारण गिअर वारंवार खाली आणावा लागत नाही.

कमाल वेगाचा विचार मी करत नाही (तेवढा वेग कुठल्या रस्त्यावर गाठणार?). महामार्गावर ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या टप्प्यात ओव्हरटेक करणे नेहमीचे असेल, तर एक लिटरचे, म्हणजे ऑल्टोचे, इंजिन टाळावे.