घाट लागला की मागच्या सीटवर गोंधळ!

प्रश्न : ताई, मे महिन्यात कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला जातोय. आंबा घाट सुरू झाला की सहा वर्षांची धाकटी उलटी करते, तिचं बघून आमचा कुत्रा मोतीपण, आणि थोरला ओरडतो "आता माझा नंबर!" मागच्या वेळी चिवड्याचा डबा मोतीनेच फस्त केला. काय करू?

उत्तर : अगं, वाचून खूप हसले, पण उपाय आहे. कानाला वळण जाणवतं आणि डोळे मोबाईलवर, म्हणून मेंदू गोंधळतो आणि मळमळतं, २ ते १२ वर्षांच्या मुलांना हे जास्तच होतं. त्यामुळे घाटात कार्टून बंद, समोरचा रस्ता बघायला लाव, काच थोडी खाली ठेव. निघताना पोटभर मिसळ नको, कोरडी बिस्किटं बरी. मोतीला निघायच्या तीन-चार तास आधी खायला देऊ नकोस, पाणी मात्र दे, आणि पट्ट्याने मागेच बांध. चिवडा त्याच्यापासून लांबच ठेव, त्यातले मनुके आणि तळलेला कांदा कुत्र्यांना खरंच विषारी असतात. आणि जेवायला थांबलात तर त्याला गाडीत कोंडून अजिबात जाऊ नका, बाहेर ३० डिग्री असलं तरी बंद गाडीत अर्ध्या तासात पंचेचाळीसच्या वर जातं, आळीपाळीने जेवा.