जनुकाची ‘अभिव्यक्ती’ आणि लघवीतली ‘पातळी’

प्रश्न असा आहे: ‘मूत्रपिंडाच्या कर्करोगात मायक्रोआरएनएची अभिव्यक्ती हा संभाव्य जैवसूचक’ असं वाक्य वाचलं. (जैवसूचक म्हणजे बायोमार्कर, रोगाचा सुगावा देणारी शरीरातली मोजण्याजोगी गोष्ट.) अभिव्यक्ती कवीची असते, नागरिकाची असते. रेणूची कशी काय?

शब्द कानाला खटकतो, पण चुकीचा नाही. ‘अञ्ज्’ धातूला ‘वि’ उपसर्ग लागून व्यक्त, व्यक्ती, व्यंजन, व्यंजना हे शब्द झाले. डोळ्यांत घालायचं अंजनही याच धातूचं. ‘व्यक्त’चा अर्थ उघड झालेलं. मराठीत ‘व्यक्ती’चा माणूस झाला, ‘अभिव्यक्ती’ला स्वातंत्र्य चिकटलं आणि हा मूळ अर्थ मागे पडला. सांख्य तत्त्वज्ञांची अव्यक्त-व्यक्त (दडलेलं आणि उघड झालेलं) ही जोडी आठवा, जनुकाला चपखल बसते. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. मूत्रपिंडाच्या पेशीत त्यांतली काही कामाला लागतात, बाकीची गप्प. जनुकावरून आरएनए, म्हणजे त्याची रेणूरूप नक्कल, तयार झाला, की ते व्यक्त झालं.

मायक्रोआरएनए हा असाच एक आरएनए, जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतले दुवे). त्यातून प्रथिन बनत नाही. उलट तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला, म्हणजे प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या आरएनएला, चिकटून त्याचं प्रथिन बनणं रोखतो. पहिला १९९३ साली एका सूत्रकृमीत सापडला, आणि व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रव्हकन यांना त्याबद्दल २०२४चं नोबेल मिळालं. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या, ‘क्लिअर सेल’ प्रकारात व्हीएचएल हे जनुक बहुधा बिघडलेलं असतं. मग ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागते, आणि मायक्रोआरएनए-२१० वाढतो. मायक्रोआरएनए-१४१ मात्र घटलेला दिसतो. गाठीच्या ऊतीत हे मोजलं, तर ‘अभिव्यक्ती वाढली’, ‘घटली’ म्हणायला काहीच हरकत नाही.

माझी हरकत वेगळीच आहे. ‘रुग्णाच्या लघवीतील मायक्रोआरएनएची अभिव्यक्ती’ असंही सर्रास लिहितात. अहो, लघवी कुठलं जनुक व्यक्त करणार? पेशींतून सुटलेले रेणू तिथे येऊन पडलेले असतात, इतकंच. तिथे ‘पातळी’ किंवा ‘प्रमाण’ म्हणावं. रक्तद्रवालाही हेच लागू. इंग्रजी लेखांतही हा घोळ होतो, पण म्हणून तो जसाच्या तसा मराठीत आणायचं कारण नाही.

‘जैवसूचक’ की ‘जैवचिन्हक’? दोन्ही चालतात. मी ‘सूचक’ घेतो, कारण चिन्ह म्हटलं की डोळ्यांना दिसणारं काहीतरी मनात येतं. हा तर प्रयोगशाळेत शोधूनच काढावा लागणारा सुगावा. आणि ‘संभाव्य’ हा शब्द त्याला अगदी खेटून ठेवा. ‘संभाव्य कर्करोगाचा जैवसूचक’ लिहिलंत, तर शंका रोगावर जाते. इथे शंका सूचकाविषयी आहे: या कर्करोगाच्या रोजच्या तपासण्यांत मायक्रोआरएनए अजून रुळलेला नाही.