वारसा इमारतीतल्या दुकानाचा रंग आणि पाटी बदलता येते का?

हो, येते, पण इमारत वारसा यादीत असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, मगच रंगारी बोलवा. काही ठिकाणी रंगाला सूट असते, पाटीला नसते, तेवढं विचारून घ्या. मूळ रंग कोणता होता ते शोधायला छज्ज्याखाली, जिथे ऊन-पाऊस कमी लागतो, तिथे नखाएवढी जागा ओली करून थराथराने खरवडा. तो बहुधा तिथेच सापडतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, मास्क लावाच. आजवर न रंगवलेली वीट मात्र कृपा करून तशीच ठेवा: प्लास्टिक पेंटखाली ओल अडकते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. पाटी दुकानाच्या काचेच्या वर, पाटीसाठीच ठेवलेल्या मूळ पट्ट्यात बसवा. स्क्रूची भोकं विटांमधल्या सांध्यात पाडा. सांधा पुन्हा भरता येतो, फुटलेली वीट जुळत नाही.