पार्किन्सन्सच्या रुग्णाशी बोलायला मुलांना कसं शिकवायचं

तुमचा प्रश्न असा की फार्मसीची मुलं वर्गात औषधांची माहिती घडाघडा सांगतात, पण समुपदेशनाच्या सरावात पार्किन्सन्सचा रुग्ण आला की बोलणंच होत नाही. सुरुवात कुठून करावी? मी थांबायला शिकवण्यापासून करते.

या आजारात चेहरा भावहीन दिसू लागतो, आवाज खाली जातो, उत्तर यायला वेळ लागतो. मुलांना वाटतं, यांना समजलंच नाही. मग ती सोबतच्या नातेवाइकाशीच बोलू लागतात. रुग्णाला बहुतेक वेळा सगळं कळत असतं, आणि आपल्याला वगळलंय हेही कळतं. म्हणून सरावात रुग्ण मी होते आणि प्रत्येक प्रश्नानंतर मनात दहा अंक मोजून मगच उत्तर देते. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं मध्येच बोलतात. तेवढी शांतता पेलू लागली की पुढचं जमतं.

मग येतं घड्याळ, आणि यावर सर्वांत जास्त वेळ द्या. लेव्होडोपा, म्हणजे या आजारातल्या मुख्य औषधाच्या बाबतीत ‘दिवसातून तीनदा’ एवढं सांगून भागत नाही. गोळी नेमकी किती वाजता घेता? अंग कधी मोकळं होतं? पुढच्या गोळीआधी पुन्हा आखडतं का? ही उत्तरं तीन-चार दिवस वहीत लिहून डॉक्टरांना दाखवली तर डोसच्या वेळा बदलायला त्यांना आधार मिळतो. जेवणाचं कारणही मुलांना नीट समजलं पाहिजे: प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून व पुढे मेंदूत एकाच वाहकावरून जातात. म्हणून गोळी सहसा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. पण मुलं लगेच ‘प्रथिनं बंद करा’ म्हणतात, तिथे ठामपणे अडवा. या रुग्णांचं वजन आधीच घटत असतं. लोहाच्या गोळीतही दोनेक तासांचं अंतर हवं, हे जाता जाता.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल (या आजारात मेंदूत कमी पडणाऱ्या डोपामाइन या रसायनाची नक्कल करणारी औषधं) असेल तर एक अवघड वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या: ‘या गोळीने काही जणांचा खरेदी, जुगार किंवा लैंगिक इच्छेवरचा ताबा सुटतो. तसं झालं तर तो औषधाचा परिणाम आहे, तुमचा दोष नाही. आम्हाला किंवा डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने थांबवू नका.’ मुलं अडखळतात, खाली बघतात. वर्गात अडखळलेलं परवडतं. रुग्णासमोर हे वाक्य गिळलं गेलं, तर तो माणूस कर्जात बुडेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहतो.

औषध अचानक बंद केल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं, हेही प्रत्येक संभाषणात आलंच पाहिजे. उलटीसाठी कुणी मेटोक्लोप्रामाइड मागितलं तर देऊ नये. ते मेंदूतही डोपामाइनला अडवतं आणि लक्षणं वाढवतं. लेव्होडोपाचा परिणाम लांबवणाऱ्या एन्टाकॅपोनने लघवी लालसर-तपकिरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि एकदा सगळ्यांना जाड लोकरी हातमोजे घालून स्ट्रिपमधून गोळी काढायला लावा. त्यानंतर ‘गोळी तुम्हाला एकट्याने काढता येते का?’ हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. तो कुठल्याच छापील यादीतून त्यांच्या तोंडी बसला नव्हता.