गृहकर्जाच्या हप्त्यासोबत दरमहा ५,००० रुपये जादा भरले तर खरंच फरक पडतो का?

हो, चांगलाच पडतो, फक्त ती रक्कम मुद्दलात जमा व्हायला हवी. ४० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, मुदत २० वर्षं धरा. हप्ता येतो साधारण ३४,७१३ रुपये आणि पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ नुसते व्याजात जातात. मुद्दल फिटतं जेमतेम ६,४०० च्या आसपास. त्यावर तुमचे ५,००० म्हणजे मुद्दल जवळपास दुप्पट वेगाने उतरतं. व्याजदर तोच राहिला तर कर्ज पावणेपंधरा वर्षांत फिटतं, व्याजाचे सुमारे १३ लाख वाचतात. हिशेब ईएमआय कॅल्क्युलेटरवर स्वतः ताडून बघा. भरताना ‘पार्ट पेमेंट’ (मुद्दलाची अंशतः फेड) म्हणूनच भरा आणि हप्ता नको, मुदत कमी करा असं बँकेला लेखी कळवा. नाहीतर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्याचे आगाऊ पैसे म्हणून पडून राहतात. नंतर स्टेटमेंटमध्ये शिल्लक मुद्दल तपासा. वैयक्तिक फ्लोटिंग (बदलत्या व्याजदराच्या) गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लावता येत नाही. फिक्स्ड म्हणजे ठरलेला दर असेल तर करारपत्र वाचा. मात्र क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर आधी ते संपवा, त्यांचं व्याज कितीतरी जास्त असतं.